पोपटाची शिवण

मास्तर: ...आणि तासाभरात ताप असा उतरला म्हणून सांगू, अण्णा! पोर उठून बसली आणि म्हणाली, "आजोबा, माझी चोच कुठाय?" काय औषध आहे हो तुमचं! जुनी बाटली तळाला गेली, म्हणून म्हटलं दुसरी नेऊन ठेवावी.

अण्णा: उगाच नाही ती पुढच्या फळीवर ठेवत मी. ठमे, ती नारिंगी बाटली दे गं मास्तरांना, लहान मुलांची. आणि आधी बाह्या दुमडून घे, हात कुठे आहेत ते तरी दिसू देत.

लेक: तुमचा कोट आहे अण्णा, माझे हात त्यात अर्ध्यातच संपतात. मास्तरकाका, चोच कसली?

मास्तर: अगं, नाटकातली! आमची चिमी शाळेच्या नाटकात पोपट झालीय. मुख्य भूमिका, बरं का. राजा आहे, राणी आहे, पण गोष्ट सगळी पोपटाची. हिरवं सॅटिन आणलंय, शेपटीला रंगीत पट्ट्या लावल्यात, आणि विजार अशी बसवलीय की खरा पोपटसुद्धा मान वाकडी करून बघत राहील. उभ्या जन्मात लोकांचे सूट शिवले, पण असं काम हातून झालं नव्हतं.

लेक: आणि ताप कशाचा?

मास्तर: कांजिण्या. सगळ्या वर्गात पसरल्यात. अंगभर फोड आलेत बिचारीच्या.

लेक: मग ही बाटली नाही देता यायची काका.

अण्णा: काय म्हणालीस?

लेक: कांजिण्यांमध्ये हे औषध नाही द्यायचं. तापाला साधं पॅरासिटामॉल देते, चिमीचं वजन सांगा.

अण्णा: ठमे, बाटली ठेव काउंटरवर.

लेक: नाही ठेवत.

मास्तर: अहो अण्णा, राहू द्या, नसेल शिल्लक तर—

अण्णा: शिल्लक आहे हो! डोळ्यांसमोर दिसतेय ना, रांगेत उभी आहे! मास्तर आजचं गिऱ्हाईक आहेत का गं? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून येतात. तुझं झबलं यांनी शिवलंय. आणि तू त्यांना तोंडावर नाही म्हणतेस? माझ्या दुकानात?

लेक: झबलं शिवलंय म्हणूनच नाही म्हणतेय.

अण्णा: वा! उत्तर तयारच. हेच शिकवतात का कॉलेजात? आम्ही काय इतकी वर्षं इथे माश्या मारत होतो? तापाच्या किती पोरांना हे औषध दिलं असेल मी! एकाचंही वाकडं झालं नाही.

लेक: साध्या तापाला देतातच अण्णा, पोर नीट पाणी पीत असेल तर. मी कुठे म्हणतेय की औषध वाईट आहे? कांजिण्यांचं वेगळं असतं. फोड फुटतात, तिथून जंतू आत शिरू शकतात. आणि या औषधाने दुखणं दबतं, सूज दबते, ताप उतरतो. वरून पोर बरी दिसते आणि आत बिघडत जातं. तुम्हाला मी पुस्तक दाखवते संध्याकाळी.

अण्णा: पुस्तक मला नको दाखवूस. मास्तर समोरच्या त्या काचेच्या मेडिकलात गेले तर तो पोरगा काही न विचारता दोन बाटल्या पिशवीत घालून देईल, ते दाखव मला.

लेक: जाऊ देत. मागोमाग मी जाईन आणि तिथेही सांगेन.

मास्तर: अरे बापरे! अण्णा, लेक तुमचीच आहे, शंकाच नको. हेच नाक, आणि नाकावर राग पण हाच. बरं पोरी, तू म्हणतेस तर ते साधं दे. मला काय, ताप उतरल्याशी मतलब. मला घरी जाऊन ती विजार परत उसवायचीय.

अण्णा: उसवायची? आत्ता तर म्हणालात, खरा पोपट बघत राहील.

मास्तर: अहो, तेच तर! काय सांगू तुम्हाला, काल ताप उतरला तशी म्हटलं, अंगावर घालून बघू. घातली, तर ही केवढ्याने ओरडली. म्हणे, टोचतंय. माझी शिवण टोचते? अण्णा, तुम्ही माझ्या पँटी घालता, कधी टोचली? नाजूक कातडीचे साहेब आले आणि गेले, कुणी हूं केलं नाही. आणि घरातली पोर म्हणते आजोबांची शिवण टोचते! रात्रभर मला झोप नाही. सकाळी उठून शिवण उसवली, आतल्या अंगाला सरकवली, वर मऊ पट्टी लावली. तरी तेच. हात लावू देत नाही.

लेक: कुठे टोचतंय म्हणते?

मास्तर: डाव्या मांडीला, बाहेरच्या बाजूला. तिथे आधी फोड होता एक, खाजवून फोडलाय तिने. मला वाटलं, त्यावरच शिवण घासतेय. म्हणून मी काल आपला खडू घेतला आणि जिथवर टोचतंय तिथवर रेघ मारली.

अण्णा: विजारीवर?

मास्तर: छे, विजारीवर कशी कळणार जागा? मांडीवरच मारली. कापडावर मारतो तशी. लाल होतं तेवढ्या भागाभोवती.

लेक: लाल होतं?

मास्तर: अगं, घासून घासून होणारच ना.

लेक: काका, ती रेघ आज सकाळी कुठे होती?

मास्तर: कुठे म्हणजे? जिथे मारली तिथेच.

लेक: लाल भाग रेघेच्या आत होता की बाहेर गेला होता?

मास्तर: ...बाहेर. चांगला बाहेर गेला होता. मी म्हटलं, माझी रेघ चुकली असेल.

अण्णा: तुमची रेघ चुकते का मास्तर?

मास्तर: नाही चुकत. आजवर नाही चुकली.

लेक: आता विजार काढून ठेवलीय ना? आता दुखत नाही ना तिला?

मास्तर: दुखतंय की. अंगावर चादर सुद्धा नको म्हणते. चादरीला तर शिवणही नाही त्या बाजूला.

लेक: चालते का?

मास्तर: पाय टेकवत नाही. सूनबाई उचलून नेते सगळीकडे. मी म्हटलं, लाडात आलीय. आजारी पोरं येतात.

लेक: आणि ताप? आज सकाळी?

मास्तर: परत चढलाय ना. म्हणून तर बाटली न्यायला आलो. पहाटे शेवटचं होतं ते दिलं, जरा जास्तच दिलं. वाढत्या अंगाला आपण कापड कसं चार बोटं जास्त सोडतो, तसं. ...तुम्ही दोघं असे काय बघताय माझ्याकडे?

लेक: काका, घरी फोन लावा. आत्ता. सूनबाईंना विचारा, पोर जागी आहे का, हाक मारली की नीट बोलते का, पाणी पितेय का, लघवी कधी झाली.

मास्तर: लावतो, लावतो. काय झालं ते तरी... हॅलो? हां, मीच. चिमी काय करतेय? ...अगं, कांजिण्या आहेत तर झोपणारच ती... नाही, उठव. उठव म्हणतो ना. ...काय? नीट बोलत नाही? ...आणि पाणी? ...लघवी सकाळपासून एकदाही नाही? ...मांडी बघ. माझी खडूची रेघ आहे ना, तिच्या बाहेर... गुडघ्यापर्यंत? जांभळं कसलं? ...रडू नकोस. रडू नकोस गं, मी दुकानातच आहे, अण्णांकडे. थांब.

अण्णा: चला.

मास्तर: अण्णा, शिवण टोचतेय असं वाटलं हो मला. मी परत उसवायला निघालो होतो.

अण्णा: चला म्हणतो ना. गाडी मागे उभी आहे. तुमच्या घरावरून पोरीला उचलू आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात नेऊ. ठमे, तिथे गेल्या गेल्या काय सांगायचं? सांग पटकन, माझ्या डोक्यात नीट बसू दे.

लेक: कांजिण्या झाल्यात. मांडीवरचं लाल रेघेबाहेर पसरतंय आणि दिसतंय त्याहून कितीतरी जास्त दुखतंय. पोर सुस्त आहे, लघवी नाही. आणि हे औषध काल आणि आज पहाटे दिलंय, मापापेक्षा जास्त. रिकामी बाटली बरोबर घ्या, लपवू नका. वाटेत आणखी काही औषध द्यायचं नाही. आणि खडू पुसू नका, काका. डॉक्टरांना रेघ बघू दे.

अण्णा: रांगेत थांबायला सांगितलं तर?

लेक: थांबायचं नाही. आरडाओरडा करा. तुम्हाला येतो तो.

अण्णा: येतो. दुकान बघ तू.

लेक: एकटी?

अण्णा: मग काय समोरच्या पोराला बोलावू?

लेक: अण्णा... माझं चुकत असेल तर? उगाच घाबरवलं असेल मी सगळ्यांना तर?

अण्णा: तर पोर दुपारी घरी येईल आणि मी तुला महिनाभर चिडवीन. तेवढं सोस. मास्तर, चष्मा विसरलात काउंटरवर, घ्या तो.

(दोन आठवड्यांनंतरची सकाळ. तेच दुकान.)

लेक: अण्णा, नारिंगी बाटल्या कुठे गेल्या? फळी रिकामी दिसतेय.

अण्णा: आतल्या कपाटात ठेवल्यात.

लेक: विकायच्या नाहीत का? असं नका करू. पाय मुरगळला, दात दुखला, तर लागतंच ते औषध.

अण्णा: विकायच्या आहेत की. कुणी मागितली की आधी विचारायचं, पोराला काय झालंय, अंगावर फोड-बीड आहेत का, उलट्या-जुलाब आहेत का, पाणी पितंय का. मग उठायचं, आत जायचं, कपाट उघडायचं. म्हातारा माणूस आहे, आत जाईपर्यंत विचार करायला वेळ मिळतो. हाताशी असली की हात आधी जातो.

लेक: म्हातारे कसले! त्या दिवशी हॉस्पिटलात तुमचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता म्हणे.

अण्णा: कोण म्हणालं?

लेक: हे बघा, आलेच सांगणारे. या काका, बसा. चिमी कशी आहे?

मास्तर: बसतो, बसतो. आज वॉर्डातून थेट इकडेच आलो. उद्या घरी सोडतायत, पोरी! पाय टेकवला काल. पहिल्यांदा माझा हात धरून, मग म्हणाली, सोडा. सोडला, तर चालली की दारापर्यंत. त्या नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. मला काही दिसेचना, चष्म्यावर सगळं पाणी.

लेक: जखम?

मास्तर: भरतेय. आतून सगळं साफ करावं लागलं ना, चांगली मोठी आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पायाचं काही सांगता आलं नसतं. नुसत्या पायाचंच नाही, पोरीचंही. असं म्हणाले.

अण्णा: ते परत परत सांगू नका हो सकाळी सकाळी.

मास्तर: सांगणार. मला सांगितलं की बरं वाटतं. मी त्यांना विचारलं, डॉक्टरसाहेब, त्या औषधानेच झालं का हे? माझ्या हाताने पाजलंय मी. तर म्हणाले, तसं कुणालाच छातीठोक सांगता यायचं नाही, जंतू फोडातून शिरतात ते शिरतातच. पण कांजिण्यांत हे औषध दिलं तर असं चिघळण्याची भीती जास्त असते, आणि दुखणं झाकलं जातं ते वेगळंच, म्हणून टाळायचं. तू म्हणालीस अगदी तसंच, पोरी. शब्दाला शब्द.

लेक: तुम्ही मनाला लावून घेऊ नका काका. बाटली नातवाच्या मुरगळलेल्या पायासाठी घेतली होती, तेव्हा अण्णांनी बरोबरच दिली होती. घरात उरली, ताप आला, दिली. सगळेच देतात.

मास्तर: मनाला लागणारच गं. पण एक सांगू? रेघ मात्र कामाला आली. डॉक्टरांनी शिकाऊ पोरांना बोलावून दाखवली. म्हणाले, आम्ही पेनने मारतो तशी यांनी खडूने मारलीय, आणि काय नेमकी मारलीय! मी म्हटलं, साहेब, हात आहे शिंप्याचा.

अण्णा: झालं! चार दिवस पोरीच्या उशाशी रडत होते आणि रेघेचं कौतुक आलं की छाती पुढे.

मास्तर: तुम्ही बोलूच नका हं अण्णा! पोरी, तुला सांगतो आता, यांनी काय केलं ते. तिथे तपासायला एक तरुण डॉक्टर आली. म्हणाली, इतक्या लवकर आणलंत हे फार चांगलं केलंत, कुणी पाठवलं? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "माझ्या मुलीने."

लेक: अण्णा?

अण्णा: मग काय सांगणार? विचारलं, सांगितलं.

मास्तर: एवढंच असतं तर ठीक. नर्सला सांगितलं, माझी मुलगी फार्मासिस्ट आहे. केसपेपर करणाऱ्याला सांगितलं. लिफ्टवाल्याला सांगितलं! तो बिचारा म्हणतोय, कुठल्या मजल्यावर जायचंय, आणि हे म्हणतायत, "माझ्या मुलीने बाटली द्यायला साफ नकार दिला, माझ्या तोंडावर!" चहाच्या खिडकीपाशी दुसऱ्या कुणाच्या तरी पेशंटचे नातेवाईक उभे होते, त्यांनाही अडवून सांगितलं. आता वॉर्डात कुणी मला चिमीचा आजोबा म्हणून ओळखत नाही. ते अण्णांबरोबरचे, असं म्हणतात.

लेक: आणि घरी येऊन मला एक शब्द नाही! उलट म्हणाले, वरणात मीठ कमी आहे.

अण्णा: कमी होतंच.

लेक: अण्णा!

अण्णा: अरे, मग काय करू? तोंडावर कसं बोलणार माणूस? जिला हाताला धरून शाळेत सोडलं, ती काउंटरवर उभी राहून माझ्याच कोटात मला नाही म्हणते. राग आला मला. खूप आला. गाडी चालवताना सुद्धा येत होता. आणि त्या पोरीची मांडी बघितली, आणि... ठमे, मला तुझा अभिमान वाटतो. झालं? आता पाटी रंगवून दारावर लावू का?

लेक: नको. पाटी नको.

मास्तर: बघा, आता दोघांचे डोळे आले भरून. आणि मी आलोय कामाला, माझं कुणी ऐकतच नाही.

अण्णा: कामाला? पोरगी वॉर्डात आणि तुम्ही कसलं काम घेऊन आलात?

मास्तर: विसरलात? तुम्हीच सांगितलंत ना, टेप घेऊन या म्हणून. उभी राहा गं पोरी, सरळ.

लेक: कशाला?

मास्तर: पांढरं कापड काढून ठेवलंय, चांगलं जाड. तुझ्या मापाचा कोट. हे म्हणाले, बाह्या दुमडून दुमडून किती दिवस उभी राहणार ती. हात वर कर. असा. खांदा... कंबर... हं.

लेक: आणि तुमचा कोट, अण्णा?

अण्णा: माझा मला परत दे. दुपारनंतर मी येत जाईन तुझ्या मदतीला. तू सांगशील ते देईन, नाही म्हणशील ते नाही देणार. जरा कुरकुर करीन, तेवढी सवय आहे.

लेक: काका, आणि नाटकाचं काय झालं चिमीच्या?

मास्तर: नाटक झालं तिच्याशिवाय. दुसराच पोपट उभा केला. रडली जरा. मग काल म्हणाली, ते कपडे आणा. नेले. चोच लावली, शेपटी लावली, विजार जखमेच्या पट्टीवरून हळूच चढवली, आणि पलंगावर बसूनच अख्खं काम करून दाखवलं. दोन नर्सबाई, शेजारच्या पलंगावरचा, तिने राजा केलेला एक पोरगा, आणि तो लिफ्टवालासुद्धा आला होता बघायला. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, आता नाही टोचत."

लेक: शिवण कुठे ठेवलीत शेवटी?

मास्तर: पहिल्यांदा होती तिथेच. मापात होती गं ती, सुरुवातीपासून. ...हात खाली कर आता. कोट घातल्यावर कुठे टोचलं ना, तर लगेच सांग. मी आधी तुझा हात बघीन, मग शिवण.